नोंद ठेवावी, पाळत ठेवू नये: कॉलेजच्या इंटरनेटवर लक्ष ठेवण्याची रीत

खानदेशातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर विभागात लागलो, त्याच वर्षी लायब्ररीबाहेरच्या बोर्डावर एक यादी लागली. ‘इंटरनेटचा गैरवापर करणारे विद्यार्थी’ असं वर ठळक अक्षरात, खाली रोल नंबर, नाव आणि उघडलेल्या साइट. तिसऱ्या क्रमांकावर अमळनेरकडचा एक मुलगा होता. माझ्याकडे येऊन त्याने खालच्या आवाजात विचारलं, “सर, यामा मनं नाव कसं उनं?”

मी तपासलं. त्याचा पासवर्ड म्हणजे त्याची जन्मतारीख. खोलीतले सहाही जण त्याच लॉगिनवर परीक्षेचे फॉर्म भरायचे. आणि नावापुढे छापलेली ‘साइट’ कुणी मुद्दाम उघडलेलीच नव्हती, एका पानावरच्या जाहिरातीसोबत ती आपोआप आली होती. यादी उतरली, पण तो मुलगा वर्षभर लॅबमध्ये फिरकला नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म त्याने बाजारातल्या सायबर कॅफेत पैसे देऊन भरला. ती यादी ज्या मशीनमधून निघाली ते मी बसवलं होतं. त्यात काय नोंदवलं जातं, ते कोण उघडू शकतं आणि कशासाठी, हे मी कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणी मला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी दोन शब्द वेगळे ठेवतो. नोंद म्हणजे होस्टेलच्या गेटवरचं आवक-जावक रजिस्टर: कोण कधी आलं-गेलं ते लिहिलेलं असतं, आणि काही घडलं तरच ते पान उघडतात. पाळत म्हणजे त्या मुलाच्या मागे माणूस सोडणं. कॉलेजला नोंदीची गरज आहे. पाळतीची नाही. खाली दिलेली रीत जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत हे काम बघणाऱ्यांसाठी आहे. विद्यापीठाच्या आवारात त्यासाठी वेगळं संगणक केंद्र असतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या लहान कॉलेजात एखादे प्राध्यापक आपले तास सांभाळून हेच काम करतात. शेवटचा भाग विद्यार्थ्यांसाठी आहे, पण त्यांनी आधीचाही वाचावा.

कारण आधी कागदावर उतरवा

फायरवॉल, म्हणजे कॉलेजच्या नेटवर्कच्या दारावरचं ये-जा तपासणारं यंत्र, घेण्याआधी, कोटेशन मागवण्याआधी, एक कोरा कागद घ्या आणि लक्ष कशासाठी ठेवायचं ते लिहा. माझ्या अनुभवात खरी कारणं चारच निघतात.

पहिलं, आपल्या नेटवर्कवरून कुणी गुन्हा केला आणि पोलिसांचं पत्र आलं, तर उत्तर देता यावं. दुसरं, संध्याकाळी होस्टेलच्या चार खोल्यांनी सगळी लाइन ओढली तर बाकीच्यांना फॉर्मही भरता येत नाही, म्हणून वाटप नीट व्हावं. तिसरं, व्हायरस लागलेलं मशीन लवकर सापडावं. चौथं कारण लोक विसरतात, ते म्हणजे संशोधनाची नियतकालिकं. १ जानेवारी २०२५पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. प्रकाशक अशी सोय पुष्कळदा संस्थेच्या इंटरनेट पत्त्यावरून ओळखतात. एखाद्याने सॉफ्टवेअर लावून एका रात्रीत हजारो लेख उतरवायला घेतले, तर प्रकाशक संस्थेचा पत्ताच बंद करू शकतो. मग एका माणसापायी सगळे पीएचडीवाले अडकतात.

प्रत्येक कारणासमोर लिहा: यासाठी कमीत कमी काय नोंदवावं लागेल? लाइनच्या वाटपाला साइटचं नाव लागत नाही, किती डेटा गेला एवढं पुरतं. व्हायरस शोधायला माणसाचं नाव लागत नाही, मशीनचा नंबर पुरतो. ‘मुलं काय बघतात ते कळलं पाहिजे’ असं कुणी बैठकीत म्हणालं, तर नम्रपणे विचारा की कळल्यावर काय करणार? उत्तर आलं नाही तर ते कारण कागदावर घेऊ नका.

हा आग्रह फक्त माझा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्या निकालातून आलेली कसोटी साधी आहे: कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय हेतूच्या मापाचा हवा. उंदीर मारायला कोठार पेटवायचं नसतं.

कॉलेजला नेमकं काय दिसतं

याबाबत दोन्ही बाजूंना गैरसमज असतात. विद्यार्थ्यांना वाटतं की सरांना आपलं व्हॉट्सॲप वाचता येतं, आणि काही सरांनाही तसंच वाटतं.

अमळनेरहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कुठे चढलात, कुठलं तिकीट काढलंत, किती वाजता उतरलात हे त्याला कळतं. धुळ्यात तुम्ही कोर्टात गेलात, दवाखान्यात की मामाकडे, हे त्याला कळत नाही. कॉलेजचं नेटवर्क तो कंडक्टर आहे. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे मजकूर कुलूपबंद असतो. नेटवर्कला कुठल्या साइटशी जोडणी झाली, कधी झाली आणि किती डेटा आला-गेला एवढं दिसतं. यूट्यूब उघडलं हे दिसतं, कुठला व्हिडिओ पाहिला ते दिसत नाही. व्हॉट्सॲप वापरलं हे दिसतं, काय लिहिलं ते दिसत नाही.

आणि हे ‘कुठल्या साइटशी’ सुद्धा जपून वाचायचं असतं. बातमीचं एक पान उघडलं तरी मागे दहा-वीस वेगवेगळ्या पत्त्यांशी जोडणी होते, त्यात जाहिरातींचे, मोजणीचे, चित्रं साठवण्याचे पत्ते असतात. त्यातला एखादा पत्ता विचित्र दिसला म्हणून मुलाने तो उघडला असं होत नाही. बोर्डावरच्या त्या यादीत हेच झालं होतं.

ब्राउझरच्या इनकॉग्निटो, म्हणजे खासगी खिडकीमुळे नेटवर्कची नोंद चुकत नाही, फक्त त्या मशीनच्या ब्राउझरमध्ये इतिहास राहत नाही. व्हीपीएन, म्हणजे वाहतूक दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे कुलूपबंद नेणारी सेवा, वापरली तर कॉलेजला फक्त व्हीपीएनशी जोडणी दिसते, पण मग तुमची वाहतूक त्या व्हीपीएनवाल्याच्या हातात जाते, आणि फुकटच्या व्हीपीएनवर मी स्वतः विसंबणार नाही.

कुलूप उघडण्याचीही एक सोय फायरवॉलमध्ये असते. प्रत्येक मशीनवर आणि मोबाइलवर कॉलेजचं एक प्रमाणपत्र बसवायला लावतात, मग फायरवॉल मधे बसून सगळा मजकूर उघडते, तपासते आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवते. विकायला येणारे प्रतिनिधी हे फार कौतुकाने दाखवतात. मी प्रत्येक वेळी नाही म्हणालो आहे. त्यातून बँकेचे पासवर्ड जातात, आधारचे ओटीपी जातात, डॉक्टरशी झालेलं बोलणं जातं. हे सगळं कॉलेजच्या एका डब्यात उघडं होणार आणि त्या डब्याचा पासवर्ड तीन जणांना माहीत असणार, ही जोखीम कॉलेजने अंगावर घ्यावी असं एकही कारण माझ्या चार कारणांत बसत नाही. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर तर असं प्रमाणपत्र कधीच बसवायला लावू नका.

एका पानाचं धोरण, मराठीत

कारणं आणि मर्यादा ठरल्या की एक पान लिहा. महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवा, मंजूर करून घ्या, प्रवेशाच्या फॉर्मसोबत द्या आणि वाय-फायच्या लॉगिन पानावर लावा. इंग्रजी वीस पानी धोरण कुणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या धोरणाला संमती म्हणणं मला पटत नाही. मी वापरतो तो मसुदा असा:

“कॉलेजचं इंटरनेट वापरताना तुमचं लॉगिन, वेळ, मशीनचा पत्ता, जोडणी झालेल्या साइटचा पत्ता आणि डेटाचं प्रमाण यांची नोंद होते. तुमचे मेसेज, मेल, पासवर्ड किंवा पानावरचा मजकूर आम्ही वाचत नाही आणि साठवत नाही. एखाद्या तपासासाठी लागणारी सोडून बाकी नोंद १८० दिवसांनी पुसली जाते. तुमच्या नावाची नोंद फक्त लेखी तक्रार किंवा कायदेशीर मागणी आली तरच, दोन जबाबदार व्यक्तींच्या सहीने उघडली जाते. तशी ती उघडली, तर कायद्याने मनाई नसल्यास तुम्हाला कळवलं जाईल. शंका असल्यास कॉम्प्युटर विभागात या.”

यातलं प्रत्येक वाक्य खरं असलं पाहिजे. ‘साठवत नाही’ लिहिलं आणि फायरवॉलमध्ये ती सोय चालू राहिली, तर धोरण नसलेलं बरं.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमतीसाठी दिलेली सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचता आली पाहिजे असं तो सांगतो. मराठी त्या अनुसूचीत आहे, अहिराणी आणि पावरी नाहीत. म्हणून धडगाव, तळोदा, अक्कलकुव्याहून येणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात हे तोंडी सांगा, त्यांच्या बोलीत सांगणारा वरच्या वर्गातला मुलगा किंवा मुलगी सोबत घेऊन. दहा मिनिटं लागतात. शिवाय त्या कायद्याने १८ वर्षांखालचे सगळे ‘मूल’ धरले आहेत. ज्युनिअर कॉलेज त्याच आवारात असेल तर अकरावी-बारावीची मुलं त्यात येतात. त्यांच्या वागण्याचा माग काढण्यावर कायदा बंधन घालतो आणि शिक्षणसंस्थांना शिक्षणाच्या व सुरक्षिततेच्या कामापुरती सूट देतो. त्या सूटीचं टोक धरून हात लांबवू नये.

ज्याचं त्याचं लॉगिन

सगळ्या कॉलेजला एकच वाय-फाय पासवर्ड असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, हे लॉगिन आणि जन्मतारीख हा पासवर्ड, अशी सोपी सुरुवात बऱ्याच ठिकाणी होते आणि तिथेच घोळ होतो, कारण दोन्ही गोष्टी इतरांना सहज कळतात. पहिल्या लॉगिनलाच पासवर्ड बदलायची सक्ती ठेवा.

दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सीखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. हे मुलांना सांगा, पण धमकीच्या सुरात नको. खोलीतले मित्र पासवर्ड मागतात ते बहुधा त्यांचं लॉगिन चालत नाही म्हणून. विसरलेला पासवर्ड पाच मिनिटांत नवा करून मिळत असेल, तर उसनवारी आपोआप कमी होते. मी परीक्षा-फॉर्मच्या आठवड्यात संध्याकाळी सातपर्यंत एक माणूस याच कामाला बसवतो.

मोबाइलच्या हार्डवेअर पत्त्यावर, म्हणजे मॅक ॲड्रेसवर, भिस्त ठेवू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनावट पत्ता दाखवतात. ओळख लॉगिनवरूनच पटवायची.

नोंदवही आणि तिचं घड्याळ

सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले: नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवा, यंत्रांची घड्याळं ठरावीक सर्व्हरशी जुळवा आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा. ते निर्देश कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी संस्था अशांना उद्देशून आहेत. आपलं कॉलेज त्यात बसतं की नाही यावर खल करत बसण्यापेक्षा तीच मुदत धरावी. मी मात्र ती दोन्ही बाजूंनी धरतो, १८० दिवसांच्या आत पुसायचं नाही आणि त्यानंतर ठेवायचं नाही. एखाद्या प्रकरणाच्या तपासासाठी लागणाऱ्या नोंदी तेवढ्या बाजूला काढून ठेवायच्या.

किती जागा लागेल? ४०० जण रोज वापरतात आणि प्रत्येकाच्या १०,००० जोडण्या होतात असं धरू. एका जोडणीची ओळ साधारण २५० बाइट. म्हणजे दिवसाला १ जीबी, १८० दिवसांना १८० जीबी, आणि कॉम्प्रेस करून ठेवलं तर त्याहून पुष्कळ कमी. साधी हार्डडिस्क पुरते. महागडी साठवण यंत्रणा विकणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

ओळीत काय हवं हे मात्र नीट पाहा. कॉलेजमधले शेकडो मोबाइल बाहेरच्या जगाला एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून दिसतात. पोलिसांचं पत्र येतं त्यात तो पत्ता आणि वेळ असते. त्या मिनिटाला त्या पत्त्यामागे तीनशे जण असू शकतात. म्हणून नोंदीत आतला आयपी, बाहेरचा आयपी, पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यामागच्या जोडण्या वेगळ्या ओळखण्याचा आकडा), अचूक वेळ आणि लॉगिन ही पाचही घरं लागतात. पत्रात पोर्ट क्रमांक नसेल तर ‘एवढ्यावरून एक व्यक्ती ठरवता येत नाही’ असं लेखी उत्तर द्या. अंदाजाने नाव देऊ नका. एका अंदाजाने पोराचं आयुष्य मार्गाला लागायच्या आधी मोडतं.

आता घड्याळ. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, वीज जाते, यूपीएस दम तोडतो, सर्व्हर बंद पडतो. मदरबोर्डवरचा बारीक सेल संपलेला असेल तर मशीन उठतं तेव्हा त्याचं घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं, आणि त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी निरुपयोगी होतात. फायरवॉल, सर्व्हर आणि स्विच यांची घड्याळं एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या सोयीने, एकमेकांशी जुळवा, सेल दर दोन-तीन वर्षांनी बदला आणि दर सोमवारी घड्याळ डोळ्यांनी तपासा. परदेशी कंपन्यांकडून आलेली वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. पत्रात १२ तारखेचे रात्रीचे ९.४० यूटीसी लिहिले असतील तर आपल्याकडे तेव्हा १३ तारखेचे पहाटेचे ३.१० वाजलेले असतात. हा फरक विसरला तर झोपलेल्या मुलाचं नाव निघतं आणि जागा असलेला सुटतो. कुठलीही नोंद शोधण्याआधी ‘ही वेळ कुठली?’ हा प्रश्न कागदावर लिहून त्याचं उत्तर मिळवा.

रोज काय बघायचं

रोज बेरीज बघायची, नावं नाही. सकाळी दहा मिनिटं: कालचा एकूण वापर, गर्दीची वेळ, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त डेटा पाठवणारं एखादं मशीन, अडवलेल्या घातक पत्त्यांची संख्या. पडद्यावर लॉगिनऐवजी सांकेतिक क्रमांक दिसेल अशी सोय बहुतेक यंत्रणांत करता येते. ती करा, म्हणजे बघणाऱ्याला मोहच होत नाही. लाइन कुणी एकट्याने ओढू नये म्हणून प्रत्येक लॉगिनला वेगाची मर्यादा लावा. ती लावली की ‘कोण डाउनलोड करतो’ हे शोधायची गरजच उरत नाही.

साइट अडवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे चांगल्या हेतूने बरंच नुकसान होतं. व्हायरस, फसवणूक, सट्टा आणि अश्लील साइट अडवा, त्याबद्दल वाद नाही. पण शब्दांवरून अडवणारी गाळणी लावली की पाळी, गर्भनिरोधन, स्तनाचा कर्करोग हे शब्दही अडतात. नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरून आलेल्या मुलीला हा प्रश्न घरी विचारता येत नाही, दवाखान्यात विचारायला संकोच वाटतो, आणि आपण तिला लॅबमध्येही विचारू देत नाही. सरसकट यूट्यूब बंद करणंही तसंच. एमपीएससीची, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तिथेच शिकतात, क्लासची फी त्यांना परवडत नाही. तासाच्या वेळेत वेग कमी करा, संध्याकाळी मोकळं सोडा. अडवलेल्या प्रत्येक पानावर ‘हे चुकून अडलं असेल तर इथे कळवा’ असं बटण ठेवा, आणि कळवणाऱ्याचं नाव मागू नका.

लॅबमधली मशीन

लॅबचं मशीन कॉलेजच्या मालकीचं असतं, त्यामुळे तिथे जरा जास्त लक्ष ठेवता येतं. व्हेयॉनसारखं मोफत सॉफ्टवेअर बसवलं तर शिक्षकांना आपल्या जागेवरून सगळे पडदे दिसतात, अडलेल्या मुलाला मदत करता येते. ते फक्त प्रॅक्टिकलच्या वेळेत चालू ठेवा, ‘तुमचा पडदा शिक्षकांना दिसतो’ अशी पाटी लावा आणि तास संपला की बंद करा. मोकळ्या वेळेत त्याच मशीनवर कुणी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत असतं.

खरा धोका वेगळाच आहे. कुठल्याही लॅबमध्ये जा आणि डाउनलोड्स फोल्डर उघडा. आधार कार्ड, जात प्रमाणपत्र, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, बापाच्या पासबुकाचं पहिलं पान. शिष्यवृत्तीच्या हंगामात मी एका मशीनवर अशा फायलींचा ढीग पाहिला आहे, कुणाच्याही हाती लागेल असा. मुलं काय बघतात याची चिंता करणाऱ्या कॉलेजने आधी हे झाकावं. लॉगआउट होताच सगळं पुसणारं गेस्ट खातं वापरा, ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवणं बंद करा आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक मशीनची मागची बाजू बघा. कीबोर्डची वायर आणि मशीन यांच्यामध्ये बोटभर लांबीचं अनोळखी काही बसवलेलं दिसलं तर ते कळांची नोंद करणारं यंत्र असू शकतं. सीसीटीव्हीचा कॅमेरा दाराकडे वळवा. त्यात कीबोर्डवरची बोटं दिसता कामा नयेत.

नाव कधी उघडायचं

इथेच कॉलेजची परीक्षा होते. नियम असा ठेवा: नावाची नोंद उघडायला दोन माणसं लागतील, एक प्राचार्य किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती आणि एक तांत्रिक माणूस. पासवर्डचा अर्धा भाग एकाकडे, अर्धा दुसऱ्याकडे. उघडल्यावर एका जाड रजिस्टरात लिहायचं: तारीख, कुणी मागितलं, का, कोणता कालावधी पाहिला, काय दिलं, दोन सह्या. शोध फक्त मागितलेल्या वेळेपुरता. ९ वाजून १० मिनिटांची चौकशी असेल तर त्या मुलाचा अख्खा महिना बघायचा नाही.

पोलिसांचं पत्र आलं तर ते लेखी, सही-शिक्क्याचं आणि कलम लिहिलेलं आहे का ते पाहा. १ जुलै २०२४पासून कागदपत्रं मागण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४मध्ये आहे. पत्र खरं आहे का, याची खात्री पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन किंवा त्यांच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून करा. फोनवर ‘मी सायबर सेलमधून बोलतोय, नाव पाठवा’ असं कुणी म्हणालं तर काहीही पाठवू नका.

विभागप्रमुखांना एखाद्या विद्यार्थ्याबद्दल ‘जरा बघून सांगा’ असं वाटलं, तर कागद मागा. मी मागितला आहे, आणि बहुतेक वेळा तो कागद आलाच नाही.

सगळ्यात अवघड फोन घरून येतो. “आमची पोरगी रात्री कोणाशी बोलते तेवढं सांगा भाऊ, आम्ही कोणाला सांगणार नाही.” असे बाप वाईट नसतात, घाबरलेले असतात. पण ती सज्ञान आहे, आणि अशा माहितीवरून मुलींचं शिक्षण थांबलेलं मी पाहिलं आहे. मी एवढंच सांगतो: “काका, आमच्याकडे बोलणं दिसतच नाही. काळजी वाटत असेल तर रेक्टर मॅडमशी बोला, नाहीतर तिलाच फोन करा.” पहिलं वाक्य खरं आहे, आणि होस्टेलच्या मुलींना ते आधीच माहीत असलं पाहिजे.

उलट एखादी मुलगी स्वतः येऊन सांगते की कुणी तिचे फोटो फिरवतंय, बनावट खातं काढलंय, तर मागे राहू नका. त्या काळातली नोंद लगेच बाजूला काढून जतन करा, म्हणजे १८० दिवसांची पुसणी तिला लागणार नाही. तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे आणि सायबर पोलिसांकडे नेताना तिच्यासोबत जा. पैशांची फसवणूक असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, नंतर बाकीचं. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

विद्यार्थ्यांनी काय तपासावं

ब्राउझरच्या मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ दिसली तर त्या ब्राउझरवर कुणाचे तरी नियम लागू आहेत. लॅबच्या मशीनवर ते ठीक, तुमच्या लॅपटॉपवर दिसलं तर विचारा. बँकेची साइट उघडून पत्त्याशेजारच्या खुणेवर क्लिक करा आणि प्रमाणपत्र कुणी दिलंय ते वाचा. तिथे कॉलेजचं किंवा फायरवॉल कंपनीचं नाव असेल तर तुमचा मजकूर मधे उघडला जातोय. ताबडतोब बाहेर पडा आणि मोबाइल डेटा वापरा. कॉलेजने दिलेल्या ईमेलचा ताबा कॉलेजकडे असतो, त्यावर घरचं, मनातलं लिहू नका.

आपल्या कॉलेजात काय नोंदवलं जातं हे तोंडी विचारून कळलं नाही, तर अनुदानित किंवा सरकारी कॉलेजात माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. असं लिहा: “इंटरनेट वापराच्या देखरेखीबाबतचं मंजूर धोरण, नोंदी जतन करण्याचा कालावधी, नोंदी पाहण्याचा अधिकार असलेल्या पदांची यादी आणि गेल्या वर्षभरात व्यक्तिगत नोंदी किती वेळा उघडल्या ती संख्या, यांच्या प्रती द्याव्यात.” कुणाचंही नाव मागू नका, म्हणजे नकार द्यायला जागा राहत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच संस्थेतल्या अपील अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. तुमच्यावर अन्याय झाला असेल, नाव बोर्डावर लागलं असेल, तर यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल आहेत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, बोर्डाचा फोटो काढून ठेवा.

आणि कॉलेज सोडताना एक काम करून जा. शेवटचा निकाल लागला की कॉम्प्युटर विभागात येऊन लॉगिन बंद करायला सांगा, कॉलेजच्या ईमेलमधली मार्कशीटं आणि कागदपत्रं स्वतःच्या खात्यावर घ्या, आणि ज्या ज्या ठिकाणी, बँकेत, महाडीबीटीवर, नोकरीच्या अर्जात, तो ईमेल दिलाय तिथे तो बदला. जुलैमध्ये नवी मुलं येतात, जुनी खाती पुसली जातात. पुसलेल्या खात्यावर ओटीपी मागवत धावत आलेल्या मुलांना मला दरवर्षी परत पाठवावं लागतं.